न धुतलेला शर्ट

ज्या घराच्या तळघरात दोन डझन वॉशिंग मशीन असतात, त्या घरात मळका कपडा टिकत नाही. गेली कित्येक वर्षं मी हेच भोगलं. जेवताना नॅपकिनला सॉस लागायचा अवकाश, की मर्ल तो उचलून खाली पळाला. पाहुणे मुक्कामाला राहिले की सकाळी त्यांना मोजे सापडायचे नाहीत. ते तळघरात पाण्यात गरगरत असायचे. मर्ल माझा नवरा. आमच्या गावच्या कारखान्यात त्याने जन्मभर वॉशिंग मशीन जोडली, आणि कारखान्याला टाळं लागल्यावर लोकांनी टाकून दिलेली जुनी मशीन घरी आणायला लागला. दुसरा कुणी असता तर त्याने पुन्हा मशीनचं नाव काढलं नसतं.

फेब्रुवारीत मर्ल गेला, आणि त्या घरात एक मळका शर्ट राहिला. निळ्या चौकड्यांचा, फ्लॅनेलचा. तळघरात काम करताना घातलेला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तो काढून बेडरूममधल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, तो तिथेच राहिला. बाकीचे कपडे मी चर्चच्या सेलला देऊन टाकले. हा ठेवला. संध्याकाळी भांडी आवरली की तो मांडीवर घेऊन बसायचे आणि त्यात नाक खुपसायचे. त्यात मर्ल होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. फोटोत तर नाहीच, फोटोत तो नेहमी विमा विकणाऱ्यासारखा दिसायचा. जनेलला, माझ्या लेकीला, मी बजावून ठेवलं होतं, "घरातलं काय वाट्टेल ते हलव. त्या शर्टाला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे."

"मॉम, किती दिवस ठेवणार आहेस तो?"

"मला कंटाळा येईपर्यंत. आणि मला लवकर कंटाळा येत नाही. तुझ्या बापाला विचार."

घर विकलं गेलं होतं. मी दे मॉइनला जनेलच्या घराजवळ दोन खोल्यांत जाणार होते. तिथे कपडे धुवायला व्हरांड्याच्या टोकाची सगळ्यांची मशीन, कार्ड घासून चालणारी. हे ऐकून मर्लने काय तोंड केलं असतं ते मला दिसत होतं. त्याची मशीन त्याचे दोस्त वाटून घेणार होते. सप्टेंबरात ग्लेनचा फोन आला. ग्लेन आणि कर्टिस मिनियापोलिसला राहतात, नवरा-नवरा, दोघंही निवृत्त, आणि दोघांनाही मर्लचाच आजार, जुन्या मशीनचा.

"लव्हॉन, न्यायला येतोच आहोत, तर एक शेवटची वॉश-इन करू या. मर्लसाठी."

"ग्लेन, मी दमलेय रे."

"तू नुसती खुर्चीवर बस."

"खुर्चीवर बस म्हणणाऱ्यांनाच मागाहून कॉफी लागते."

तरी मी हो म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

वॉश-इनला मी धुण्याची जत्रा म्हणते. ही मंडळी महिनाभर घरचे मळके कपडे साठवतात, पोती भरून आणतात, आणि यजमानाच्या मशीनमध्ये धुतात. झाकण उघडं ठेवून भोवती उभी राहतात. मधली रवी कशी घुसळते, पाणी कसं उसळतं, पिळताना आवाज कुठे चढतो, यावर दिवसभर बोलतात. वर यांचं एक रडगाणं कायम असतं, कपडे पुरत नाहीत. दुपारपर्यंत सगळं धुऊन होतं आणि मग घरभर मळकं शोधत फिरतात. जमिनीवरची पायपुसणी, दाराचे पडदे, काही सुटत नाही. आणि एक रीत आहे: पहिला घाणा यजमानाच्या कपड्यांचा, यजमानाच्या सगळ्यात लाडक्या मशीनमध्ये. मर्लचं लाडकं छप्पन सालचं, फिकट गुलाबी. एका शेतावरच्या गोठ्यातून आणलं तेव्हा त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी हिरवळीवर ट्रक आणि ट्रेलर लागले. जनेल मदतीला आली होती, तरी मी पहाटेपासून उभी होते. ट्यूनाची कॅसरोल, हॅमचे सँडविच, चर्चमधून आणलेला कॉफीचा मोठा हंडा. येईल तो मला मिठी मारत होता आणि मी प्रत्येकाची पाठ थोपटत होते, जणू नवरा त्यांचा गेला होता. कोट कुठे ठेवू, असं कुणीतरी विचारलं. "आत, बेडवर टाका," म्हटलं मी. आत खुर्ची आहे, खुर्चीवर शर्ट आहे, हे डोक्यातच आलं नाही. दमले होते, एवढंच कारण. दुसरं काही असतं तर बरं झालं असतं.

हंडा उकळला तेव्हा खालून टाळ्या ऐकू आल्या. पहिला घाणा सुरू झाला असणार. कपांचा ट्रे घेऊन मी जिना उतरले. सगळे गुलाबी मशीनभोवती गोल करून उभे होते, कर्टिस डोळे पुसत होता. त्यांनी मला वाट करून दिली. फेसातून एक बाही वर आली, निळ्या चौकड्यांची, बुडाली, पुन्हा वर आली.

"बंद कर," मी म्हटलं.

"मध्येच?" कर्टिस म्हणाला. "अगं, आत्ता कुठे फेस धरलाय."

"बंद कर म्हटलं ना!"

कर्टिसने बटण ओढलं. ट्रे कुणीतरी माझ्या हातातून घेतला. मी कोपरापर्यंत हात घालून शर्ट बाहेर काढला. पाणी चांगलंच गरम होतं. माझ्या बुटांवर, जिन्यावर, स्वयंपाकघरभर ते टपकत गेलं. खाली जनेलचा आवाज ऐकू येत होता, तो शर्ट कुणाचा ते ती त्यांना सांगत होती.

शर्ट सिंकमध्ये टाकून मी टेबलापाशी बसले. नाकाला लावून बघायचा धीर नव्हता. त्यात काय उरलं असणार ते मला ठाऊक होतं.

थोड्या वेळाने ग्लेन वर आला. उंच, वाकलेला माणूस, त्या क्षणी आणखीच वाकलेला.

"मीच घेतला, लव्हॉन. कोट ठेवायला गेलो होतो. पहिल्या घाण्याला तुझं काहीतरी हवं होतं, आणि घरात दुसरं मळकं काहीच नव्हतं."

"माझं?"

"मला तुझा वाटला. साफसफाईला घालत असशील असं वाटलं."

"पुरुषाचा शर्ट आहे तो, ग्लेन. तुझे डोळे फुटले होते का?"

"मी डोळ्यांनी बघत नाही ना," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. ग्लेन कुठलाही कपडा हुंगल्याशिवाय मशीनमध्ये टाकत नाही. पाणी किती गरम, साबण किती, हे तो नाकाने ठरवतो. मर्ल त्याला शिकारी कुत्रा म्हणायचा.

माझ्या मनात एकच गोष्ट आली. या माणसाने तो शेवटचा हुंगला होता. माझा हक्काचा शेवटचा श्वास याने घेतला होता. तर निदान सांगू दे.

"बस," मी म्हटलं. "कसला वास होता, सांग. नीट सांग, काही गाळू नकोस."

ग्लेन बसला. डोळे मिटले. "बदामाचा. तुझ्या हाताच्या क्रीमचा. कॉलरला सगळ्यात जास्त. कॉफी. खांद्यापाशी शॅम्पू, तुझाच असेल. थोडं तळणीचं तेल."

"आणि मर्ल?"

त्याने डोळे मिटलेलेच ठेवले.

"ग्लेन, मर्ल?"

"उजव्या कफाला ग्रीस होतं. दिसत होतं." त्याने डोळे उघडले. "वास नव्हता, लव्हॉन. मर्लचा असता तर मला कळलं असतं. मग मी हात लावला असता का?"

ग्लेन खोटं बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण त्याला ते जमत नाही. मर्लने जीव ओतून रंगवलेल्या मशीनला सगळ्यांसमोर "रंग चुकलाय" म्हणणारा हाच माणूस.

"मग रोज संध्याकाळी मी काय हुंगत होते?"

मला तो कॉफीचा हंडा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण हंडा जड होता. शिवाय त्याचं काय चुकलं होतं? पोरीला दम दिला, घरादाराला दम दिला, आणि रोज माझेच हात, माझेच गाल त्या कापडावर घासत राहिले. मर्ल त्यातून कधी निघून गेला ते मला कळलंसुद्धा नाही. जपतेय जपतेय म्हणत मीच त्याला पुसून टाकलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त दमल्यासारखं वाटलं.

"हे तू मला सांगायला नको होतंस," मी म्हटलं.

"तू विचारलंस."

"हो. विचारलं."

खाली एकही मशीन सुरू नव्हतं. इतकी माणसं आणि दोन डझन मशीन, आणि सगळी माझी वाट बघत होती.

"जा," मी ग्लेनला म्हटलं. "त्यांना म्हणावं, सुरू करा. पोती भरून आणलीत, ती मळकी परत नेणार का? आणि मशीन ट्रकवर चढवायच्या आधी पाणी नीट काढून टाका, माझ्या जिन्यावर सांडू नका."

तो जिन्यापर्यंत गेला आणि वळला. "लव्हॉन, शर्ट दे, विसळून देतो. साबण राहिलाय त्यात."

"माझा कपडा आहे," मी म्हटलं. "मी विसळते."

मी तो सिंकमध्ये तीन पाण्यांतून काढला, पिळला, मागच्या अंगणात दोरीवर टाकला. वारा चांगला होता. वाळला की घालीन. बाह्या मात्र दुमडाव्या लागतील.