छताला टेकलेली मुलं

आमच्या शाळेत हुशार मुलं छताला टेकलेली असतात. प्रश्न विचारला की वर्ग एका सुरात उत्तर द्यायला लागतो, आणि उत्तर संपेपर्यंत सगळी मुलं बाकांवरून उठून वर गेलेली असतात. डोकी छताला लागली की मी पुढचा प्रश्न विचारते. तास संपल्यावर शिपाई मारुतीमामा चिंचा पाडायची आकडी घेऊन येतो, कुणाच्या कॉलरीत, कुणाच्या रिबिनीत अडकवतो आणि एकेकाला खाली ओढतो. मधल्या सुट्टीत खेळून, भांडून मुलं परत जड होतात. पुढच्या तासाला परत वर.

पालकांना याचा अभिमान आहे. "आमचा अथर्व पंख्याच्या वर जातो," एक आई मला म्हणाली. "तेवढा पंखा बंद ठेवत जा."

मी मगदूम बाई. नववी ब ला विज्ञान शिकवते. मला या सगळ्यांची किळस येते आणि ती मी लपवत नाही. स्टाफरूममध्ये मी भिंतीकडे तोंड करून डबा खाते. बाकीचे शिक्षक एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार वाचून दाखवतात आणि खुर्च्यांवरून वीतभर वर तरंगतात. मुख्याध्यापक ऐनापुरे सरांच्या टाचा तर मी कधी जमिनीला लागलेल्या पाहिल्या नाहीत.

समीक्षा कोळेकर जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून आली. ती उत्तर देत नसे. सगळा वर्ग वर गेला की खाली रिकाम्या बाकांमध्ये ती एकटी उरे आणि माझ्याकडे बघत राही. एकदा प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या म्हणून वर्ग छताला लागला, तेव्हा ती उभी राहिली.

"बाई, झाडावरचं पान उन्हात अन्न तयार करतं. मग तेच पान तोडून उन्हात ठेवलं की का सुकतं?"

छताला लागलेली मुलं खाली वाकून बघायला लागली.

"ते पुढच्या वर्षी आहे," मी म्हणाले.

तिने पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही. जास्वंदीची पानं आणून खिडकीत ठेवली, काही कोरडी, काही देठ पाण्यात बुडवून. रोज येऊन बघायची, बोटाने दाबायची. एका सकाळी ती आपल्याशीच म्हणाली, "म्हणजे तहान लागते त्याला." तिच्या पायाखालची फरशी तडकली.

त्या दिवसापासून ती जड होत गेली. बाकाचे पाय वाकले म्हणून तिला जमिनीवर बसवलं. जमीनही दबली. मी ऐनापुरे सरांना सांगितलं नाही. मारुतीमामाने सांगितलं.

"कोळेकरचं वजन किती आहे?" सरांनी मला बोलावून विचारलं.

"बदलतं."

"डॉक्टर रणनवरे तपासणीला येणार आहेत. उन्नत शाळेची पाटी मिळायची आहे. एकही विद्यार्थी जमिनीवर नको, अशी अट आहे."

डॉक्टर रणनवरे हे शिक्षणतज्ज्ञ. ऊर्ध्वगामी अध्ययन ही पद्धत त्यांची. तपासणीच्या आधी ते शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला आले, ते खिडकीतून. त्यांच्या कमरेला दोरी बांधलेली होती आणि दोरीचं दुसरं टोक खाली अंगणात ड्रायव्हरच्या हातात होतं. मुलांना नुसतं ऐकवत बसू नका, हे त्यांनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऐकवलं आणि जेवणानंतर पुन्हा ऐकवलं.

"विद्यार्थी हा शिक्षणाचा केंद्रबिंदू आहे. म्हणा."

शिक्षकांनी म्हटलं. सगळा हॉल वर गेला. गणिताचे सर, मराठीच्या बाई, खेळाचे सर, सगळ्यांच्या चपला माझ्या डोक्यावर लोंबकळायला लागल्या. त्यातली एक माझ्या चहात पडली. मी खुर्चीच्या पायांना पाय अडकवून तोंड मिटून बसले होते.

"मॅडम, तुमचा सहभाग दिसत नाही," डॉक्टर वरून म्हणाले.

"मला खालून ऐकू येतं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऐनापुरे सरांनी समीक्षाला माझ्या गळ्यात मारलं. तपासणीपर्यंत ती वर गेली पाहिजे, नाहीतर माझी बदली संस्थेच्या डोंगरावरच्या शाळेत. तिथे छतच नाही, आणि गेलेले शिक्षक कुठे गेले ते कुणी सांगत नाही. मी प्रयोगशाळेत समीक्षासमोर बसले.

"व्याख्या म्हण. विचार करू नकोस."

"हरितद्रव्य असलेल्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने," ती म्हणाली आणि जमिनीपासून सुटली. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पण बाई," आणि धाडकन खाली आली. पाय घोट्यापर्यंत फरशीत गेले.

परत म्हणायला लावलं. परत ती 'पण'पाशी आली. आता गुडघे आत गेले.

"तिचा तो 'पण' काढून टाका," ऐनापुरे सर दारातून म्हणाले.

"कसा?"

"तुम्ही बी.एड. आहात ना."

तिच्या आईला बोलावलं. आईने तिच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं, मग पदराने घाम पुसला. "घरी पण हेच आहे बाई. बसेल तिथे खड्डा. तिच्या चुलत्याने तर मोरी परत बांधून घेतली."

"तिला काही समजावून सांगा," मी म्हणाले.

"समजावलं की अजूनच जड होते," आई म्हणाली आणि मुलीच्या केसांवरून हात फिरवून निघून गेली.

समीक्षाला हलवता येईना, म्हणून नववी ब प्रयोगशाळेत आणली आणि तपासणी तिथेच ठेवली. छतामुळे गुणवत्तेला मर्यादा येते, असं डॉक्टरांचं मत पडलं, म्हणून आदल्या दिवशी पत्रे काढून टाकले. समीक्षा तोवर कमरेपर्यंत आत गेली होती. तिच्यावर सतरंजी टाकली आणि डोक्यावर पुष्पगुच्छ ठेवला.

"गुदमरतंय का?" मी सतरंजीपाशी वाकून विचारलं.

"नाही. खाली गार आहे."

अकराच्या सुमारास डॉक्टर खिडकीतून आत आले. पालक अंगणात उभे होते. मी प्रश्न विचारला. वर्गाने उत्तर दिलं आणि तो वर गेला, भिंतींच्या वर, कौलारू व्हरांड्याच्या वर, कडुनिंबाच्या शेंड्याच्या वर. पालकांनी टाळ्या वाजवल्या. अथर्वची आई मोबाइल वर धरून मागे मागे सरकत होती. मुलं व्याख्या म्हणतच राहिली, मग ऐकू येईनाशी झाली. मारुतीमामाने आकडीला बांबू जोडला, त्याला दुसरा जोडला, आणि मग सगळंच खाली ठेवून तो निघून गेला.

"उत्कृष्ट," डॉक्टर म्हणाले आणि दोरीसकट वर गेले. ऐनापुरे सरांनी तोच शब्द त्यांच्यामागून म्हटला आणि तेही वर गेले. शिक्षक त्यांच्यामागोमाग, एका रांगेत. अंगणातल्या पालकांनीही तोच शब्द उचलला. शेवटी एका मुलाच्या आजोबांची काठी वरून पडली. अंगणात कुणी उरलं नाही.

मी सतरंजी ओढून काढली. समीक्षा छातीपर्यंत आत होती. इतके दिवस दाबून ठेवलेलं मला बोलायचं होतं, आणि ऐकायला तेवढी एकच उरली होती.

"बघितलंस?" मी म्हणाले. "हे शिक्षणच नव्हे. ही नुसती पोपटपंची आहे. या लोकांनी दोन पिढ्या वाया घालवल्या. मुलाला प्रश्न पडला पाहिजे, प्रश्न पडणं हेच खरं शिक्षण."

"बाई," समीक्षा म्हणाली, "तुम्ही हे मी शाळेत आले त्या पहिल्या दिवशीही म्हणाला होतात. असंच. याच शब्दांत."

मी खाली पाहिलं. माझ्या चपला जमिनीवर होत्या आणि मी त्यांत नव्हते.

मी दुसरं काहीतरी बोलायचं ठरवलं. शोधलं. जे सापडलं ते सगळं आधी म्हणून झालेलं होतं, तरी तोंडातून येत राहिलं, आणि टेबलाची कड हातातून सुटली. समीक्षाने हात लांबवून माझा घोटा पकडला. तिची पकड घट्ट होती. मी वर ओढली जात होते आणि ती खाली जात होती.

"माझ्यासाठी एखादा प्रश्न विचारा बाई," ती म्हणाली. "उत्तर माहीत नसलेला."

फरशी तिच्या हनुवटीपर्यंत आली होती. मी तोंड उघडलं.