दिवंगत एव्हान्थियाची त्झात्झिकी

आपण मेलो हे एव्हान्थियाला टीव्हीवरून कळलं. ती तेव्हा काकडी पिळत होती. किसलेल्या काकडीला मीठ लावून ठेवायचं, मग मुठीत धरून शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळायची, तेव्हा कुठे ती दह्यात घालायच्या लायकीची होते. दही मेंढीच्या दुधाचं, फडक्यात टांगून घट्ट केलेलं. त्यात लसूण, व्हिनेगर आणि घरचं ऑलिव्हचं तेल. बंदरावरच्या तिच्या खाणावळीत लोक पावाने ताटली पुसून खायचे ते या त्झात्झिकीसाठीच.

आणि पडद्यावर तिची मावसबहीण कल्लिरोई हीच त्झात्झिकी कालवत होती. कल्लिरोई अथेन्सला जाऊन बडी असामी झाली होती. बेटाबेटांवर हिंडून रांधायचा तिचा कार्यक्रम सगळा देश बघायचा.

"ही माझ्या दिवंगत एव्हान्थियाताईची कृती," कल्लिरोई डोळे टिपत म्हणाली. "शेवटच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता. बर्फासारखा गार. जाता जाता तेवढं देऊन गेली बिचारी."

एव्हान्थियाच्या हातातली काकडी खाली पडली. कल्लिरोईने या बेटावर कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. लहानपणी मात्र एव्हान्थियाच्याच कमरेला चिकटून ती हे कालवायला शिकली होती. नुसतं ताईचं नाव घेतलं असतं तर ताईने गावभर मिरवलं असतं. पण मेलेली बहीण टीव्हीवर जास्त शोभते! जिवंत बहिणीसाठी कोण डोळे टिपणार?

गावाला काय, आयताच विषय मिळाला. कॉफीवाला थोदोरिस तिला बघितलं की छातीवर क्रूस काढायचा. "काय भूतबाई, कॉफी पिणार की नुसता वास घेणार?" एव्हान्थियाही हसायची. "तुझी कॉफी प्यायलेच असते तर कल्लिरोई खरं बोलली असती," म्हणायची.

मग मेलबर्नहून मिखालिसचा फोन आला. तिचा एकुलता एक मुलगा. तिथल्या चर्चमध्ये कोणीतरी त्याला मिठी मारून सांत्वन केलं होतं. त्याने फोनवर फोन केले, आणि ही नेमकी शेतावर. संध्याकाळी तिने फोन उचलला तेव्हा त्या बाप्याला हुंदका आवरत नव्हता. "आई, तूच ना? तूच बोलतेयस ना?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्या दिवशी एव्हान्थियाचं हसू संपलं आणि तिने डूख धरला.

तिने कल्लिरोईला फोन लावला. "उद्याच्या उद्या टीव्हीवर सांग, मी जिवंत आहे म्हणून. मला दुसरं काही नको."

"अगं ताई, कार्यक्रमासाठी बोलावं लागतं तसं. लोकांना आवडतं. किती मनाला लावून घेतेस!"

"माझं पोर रडलं, कल्लिरोई."

"आता परत जिवंत कशी करू तुला? लोक खोटारडी म्हणतील मला." मग आवाजात मध घालून ती म्हणाली, "हे बघ, पानायियाच्या, आपल्या मेरीमातेच्या सणाला वाहिनीवाल्यांनी नेमकं आपलंच बेट निवडलंय. थेट दाखवणार आहेत, माझा काही इलाज नाही. तेवढा एक दिवस घरात बस ना. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस, ताई."

"बसते हो," एव्हान्थिया म्हणाली. "मेलेली माणसं कुठे हिंडतात?"

सणाच्या आदल्या दिवशी तिने गहू उकडले. कोणी गेलं की त्याच्या नावाने गहू उकडायचे, कोरडे करून त्यात मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे घालायचे, वर पिठीसाखर दाबून बसवायची आणि बदामांनी नाव लिहायचं. मग चर्चच्या दारात जो येईल त्याने मूठभर घ्यायचे आणि गेलेल्यासाठी क्षमा मागायची. शेजारची स्टमाता वासाने आत आली.

"अगं बाई! कोण गेलं?"

"मी."

स्टमाताने आधी क्रूस काढला, मग पदराआड हसावं तशी ओठांवर हात ठेवून हसली आणि मनुका निवडायला बसली. दुपारपर्यंत गावात कळायचं त्या सगळ्यांना कळलं. पाद्रीबाबांनी तेवढं बजावलं, "जिवंत माणसाच्या गव्हावर मी प्रार्थना म्हणणार नाही हं."

"तुम्ही नका म्हणू, बाबा," एव्हान्थिया म्हणाली. "म्हणणारी उद्याच्या बोटीने येतेय."

सणाचा दिवस उजाडला. सणाआधीचा पंधरवड्याचा उपास सुटल्यामुळे सगळं गाव दह्यादुधावर डोळा ठेवून चर्चच्या अंगणात जमलं होतं. मधोमध टेबल, टेबलामागे पांढऱ्या पोशाखातली कल्लिरोई, समोर कॅमेरे. तिने गर्दीवर एकदा नजर फिरवली, बहीण कुठे दिसेना, तशी ती खुलली. बोलण्याच्या नादात तिने काकडी धड पिळलीसुद्धा नाही. जरा वेळातच वाडग्याच्या कडेने पाणी सुटलं आणि पुढच्या बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

"माझी दिवंगत ताई म्हणायची..." कल्लिरोईने डोळ्याला रुमाल लावला.

तेवढ्यात काळा रुमाल कपाळाखाली ओढलेली एक म्हातारी परात घेऊन पुढे आली आणि तिने ती टेबलावर ठेवली. गव्हाची परात समोर आली की नाही म्हणायचं नसतं. त्या बेटावर वाढलेल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. कल्लिरोईने क्रूस काढला, चमचाभर गहू तोंडात टाकले आणि सवयीने म्हणाली, "देव क्षमा करो. कोणाचे गं हे, मावशी?"

"वाच की."

कल्लिरोईने बदामांची अक्षरं वाचली. तिचा घास तोंडातच राहिला. समोरच्या म्हातारीने रुमाल मागे सारला.

"माझे," एव्हान्थिया म्हणाली. "मारलंस तू, पण गहू करायची अक्कल नव्हती तुला. शेवटी माझे मलाच करावे लागले."

कल्लिरोई कुजबुजली, "ताई... कॅमेरा चालू आहे गं..."

"माहीत आहे. माझा मिखालिस बघतोय." एव्हान्थियाने तिचा हात धरला आणि कॅमेऱ्यासमोर वर केला. "शेवटच्या क्षणी हा हात तुझ्या हातात होता ना? मग सांग सगळ्यांना. गार आहे की गरम?"

कल्लिरोईने इकडेतिकडे पाहिलं. लहानपणापासून तिला ओळखणारे सगळे चेहरे तिच्याकडेच बघत होते आणि त्यातला एकही तिच्या मदतीला येणार नव्हता.

"गरम," ती पुटपुटली.

"मेलबर्नला ऐकू गेलं नाही."

"गरम आहे! जिवंत आहे माझी ताई. मी खोटं बोलले." आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते खरं होतं. "मला क्षमा कर, ताई."

एव्हान्थियाने तिचा हात सोडून दिला. कल्लिरोईची बोटं गारठली होती. म्हातारीने ती पाणी सुटलेली त्झात्झिकी बाजूला सारली, चमचा उचलला आणि परातीतलं आपलं नाव एका फटक्यात मोडून टाकलं. मग परात काखेला लावून ती गर्दीकडे वळली.

"घ्या रे, घ्या. कालपासून हात दुखलेत माझे. वाया नको जायला."

पहिला चमचा थोदोरिसने घेतला. त्याने आकाशाकडे पाहिलं नाही, चर्चकडेही नाही. टेबलामागे उभ्या असलेल्या कल्लिरोईच्या तोंडाकडे सरळ बघत तो म्हणाला, "देव तिला क्षमा करो." मग स्टमाता म्हणाली. मग तिच्या मागची, मग तिच्या मागचा. सगळं गाव रांगेने येऊन गहू खात होतं, जिवंत कल्लिरोईकडे बघून तेच म्हणत होतं, आणि कॅमेरा कोणी बंद केला नव्हता.