कापूस नव्हता तो

मित्रांनो, जीव मुठीत धरून जगणं म्हणजे काय, ते मला विचारा. मला मूठ नाही, तरी विचारा. रजयांच्या दुकानातली मनीप्लांटची म्हातारी वेल मी. मालकीणबाईंनी मला लावलं तेव्हा त्यांची लेक पाळण्यात होती. मी वाढत वाढत भिंतभर झाले. गिऱ्हाईक रजई बघायला यायचं आणि आधी मलाच हात लावायचं, "खरी आहे का हो?" मी आपली फुशारून जायचे.

लेकीला परगावी नोकरी लागली. "आई, हिची एक फांदी मी नेणार," म्हणाली. फांदी कापून माझ्याच शेजारी बाटलीत ठेवली. तिला मुळं फुटली. माझं बाळच की ते!

आणि नेमकं तेव्हाच माझ्या पानांच्या बेचक्यात पांढरं काहीतरी चिकटलं. "कापूस उडतो, दुसरं काय!" बाई म्हणाल्या. त्यांच्या केसांतही कापूसच असायचा दिवसभर. ब्रशने मला झटकायच्या, की या पानावरचं त्या पानावर. अहो बाई, तो कापूस माझा रस पितोय! पण ऐकतंय कोण? पानं पिवळी पडली, चिकट झाली, तर बाईंनी आणखी पाणी ओतलं. माझं एक पान बाटलीला टेकलेलं होतं. त्यावरून एक पांढरा ठिपका बाळाकडे निघाला होता आणि मला ते पान मागे घेता येत नव्हतं.

निघायच्या दिवशी लेक बाटली उचलायला आली. तिचा हात माझ्या पानाला चिकटला. तिने पान उलटलं.

"आई, इकडे ये आधी! कापूस कधी चालतो का गं?"

बाईंनी चष्मा लावला. "अगं बाई! हे तर पिठ्या ढेकूण! आणि मी मेली रोज झटकत बसले!"

बाळाच्या देठाशीही एक निघालाच. "तिकडची झाडं कशाला बिघडवू?" म्हणत लेक रिकाम्या हाताने गेली. मला फार वाईट वाटलं.

बाईंनी आम्हा दोघांना इतर झाडांपासून लांब, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. माझ्या फार किडलेल्या फांद्या छाटल्या. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक ढेकूण टिपला. सौम्य साबणाचं पाणी पानांच्या खालूनही फवारलं. मेले पुन्हा यायचे! बाईंनीही पिच्छा सोडला नाही. दर आठवड्याला तेच. बाळाच्या खोलीतून त्या बाहेर आल्या की मी त्यांचा चेहरा बघायचे. वाचतंय की नाही?

वाचलं. लेक सुट्टीवर आली, तिने सगळी पानं उलटून पाहिली आणि बाळाला घेऊन गेली.

आता तिचा फोन आला की बाई "जेवलीस का" नंतर विचारतात, आधी "पानं बघितलीस का गं?" पलीकडून "हो" येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, तुमच्या खिडकीतही कुणाचं तरी बाळ असेल. पाणी घालाल तेव्हा पान उलटून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही हो.