माझ्या चिमट्यातला मारुती

मी एक जुना मोबाइल स्टँड आहे. ट्रकच्या पुढच्या काचेखाली मी चिकटून बसलो आहे. म्हातारा झालो, पण मित्रांनो, ज्या कामासाठी मला आणलं ते काम मला धड करूच दिलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. आदिलाबादच्या एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. गाडी चालवताना फोन हातात धरायचा नाही, असा सरकारी नियम आहे. पोलीस पकडू लागले, तेव्हा ट्रकमालक चंपतराव मला घेऊन आले आणि ड्रायव्हर देवानंदला बजावलं, "फोन याच्यातच ठिवाचा. हातात दिसला, तं गाडीवरून उतरवीन."

माझी छाती फुगली. फोन माझ्याकडे, देवानंदचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. ते दिवस फार चांगले होते.

मग दसरा आला. ट्रक धुतला, झेंडूच्या माळा चढल्या. देवानंदची बायको जयवंताबाई मारुतीची तसबीर घेऊन आली आणि माझा चिमटा पाहून हरखली. "हे जागा तं देवासाठीच बनवली जशी!" तसबीर चपखल बसली. हळदकुंकू मलाही लागलं. तिथेच माझं नशीब फिरलं. देवाला उठवून तिथे फोन कोण ठेवणार? फोन गेला देवानंदच्या खिशात. येणारा-जाणारा मला हात जोडतो आणि माझा जीव जळतो.

वर चंपतरावांचं लोका सांगे ब्रह्मज्ञान! नियम सांगणारे तेच, आणि गाडी रस्त्याला लागली की "कुठं पोचला बे?" म्हणून फोन करणारेही तेच. उचलला नाही तर शिव्या.

परवा उटनूरहून कापूस भरून आम्ही गुडीहत्नूरकडे निघालो. वळणावर फोन वाजला. देवानंदने तो काढून कानाला लावला. स्टिअरिंगवर एकच हात उरला आणि समोर आली वामनराव नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे? करकचून ब्रेक लागला. ट्रक बैलगाडीला घासून थांबला. बैल बिथरले.

वामनराव बैलगाडीवरून उतरून खिडकीपाशी आले. "फोन हातात काऊन धरून राह्यला बाबू? समोर स्टँड हाय ना!"

"त्याच्यात देव बसेल हाय ना, काका," देवानंद खाली मान घालून म्हणाला.

आता तरी हा म्हातारा माझी बाजू घेईल, असं मला वाटलं. त्याने तसबिरीकडे पाहिलं आणि हात जोडले!

ट्रक घरासमोर लागला. झालेलं ऐकून जयवंताबाईने डोळ्यांना पदर लावला. "मारुतीरायानंच वाचवलं," ती म्हणाली आणि तसबीर हलू नये म्हणून ती तारेने माझ्याशी बांधून टाकली.

लेक पूनम तेवढी बोलली, "आई, देवाला वर आरशापाशी लाव नं. बाबानं फोन कुठं ठिवाचा मंग?"

"देवाला असं हलवत नसतात," म्हणून तिला गप्प केलं.

मित्रांनो, देवाला वरची जागा द्या, मला माझी द्या. घरचं माणूस गाडीवर असेल, तर त्याला सारखा फोन करू नका. गाडी थांबली की तोच करेल.

आज पुन्हा कापूस भरला आहे. मावला गाव जवळ आलं. समोर शाळा सुटली आहे आणि देवानंदचा खिसा वाजतो आहे. त्याचा एक हात स्टिअरिंगवरून सुटला आहे.

पूनम, तूच ये गं. ही तार सोड.