मापासाठी उभी

निवृत्त ड्राफ्ट्समननी फाइल माउसने ओढत ओढत वेबसाइटवरच्या चौकोनात नेऊन सोडली आणि माउसवरचा हात, तव्याला लागल्यासारखा, चटकन काढून घेतला. आपण माणूसच आहोत हे त्यांना आधी सिद्ध करावं लागलं. जिना असलेली चित्रं निवडा, असा हुकूम झाला. त्यांनी निवडली; एका चित्रात जिना होता की नुसती शिडी, यावर प्रामाणिकपणे विचारही केला. मग एक हिरवी पट्टी सरकत गेली आणि ओळ उमटली : तुमची पीडीएफ तयार आहे.

पीडीएफ कोरी होती. कोपऱ्यात माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका तेवढा होता.

कारखान्यात त्यांना ‘मिलिमीटर’ म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांना ती पदवी वाटे. मिलिमीटरांनी ठिपका मोठा करून पाहिला. ते त्यांच्या घरचं न्हाणीघर होतं. कुठल्याशा जुन्या नकाशातली एक चुकार रेघ फाइलमध्ये लांब कोपऱ्यात पडून राहिली होती, आणि तिलाही पानावर जागा द्यायची म्हणून वेबसाइटने न्हाणीघराचा चुरा केला होता. त्यांनी रेघ पुसली. फाइल पुन्हा ओढली. पुन्हा जिने निवडले.

बायको त्याच न्हाणीघरात पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि आता आठवड्याअखेर तिला दवाखान्यातून घरी सोडणार होते. भिंतीला आधाराचा दांडा बसवल्याशिवाय तिला एकटीला आत पाठवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने नवऱ्याला वेगळं बजावलं होतं.

“दांडा लावा, नाहीतर शिडी लावा. पण मला हाताला धरून कुणी न्हाणीघरात न्यायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

वेल्डर म्हणाला होता, घरी येऊन माप घेतो. जन्मभर दुसऱ्यांना मापं पुरवलेल्या माणसाला हे जरा लागलं. “तू ड्रॉइंगप्रमाणे कर,” एवढंच ते म्हणाले. पण कॅडमध्ये काढलेल्या नकाशाची फाइल वेल्डरच्या फोनवर उघडेना. “काका, नुसतं चाक फिरतंय हो. फोटोबिटोसारखं काहीतरी पाठवा ना.” म्हणून ही सगळी खटपट.

या वेळी न्हाणीघर नीट उतरलं. पाठवल्या पाठवल्या वेल्डरचा फोन आला.

“उघडलं, काका. एक नंबर. फक्त दांड्याशेजारी ही बाई कोण? तीपण बनवायचीय का?”

“ती मापासाठी उभी आहे. शेजारी माणूस असला की वस्तू केवढी ते कळतं.” मग ते थांबून म्हणाले, “माझी बायको आहे ती.”

“मग पाइप जाड घालतो,” वेल्डर म्हणाला.

लग्न झालं त्या वर्षी मिलिमीटरांनी तिला भिंतीशी उभं केलं होतं आणि डोक्यावर पट्टी टेकवून माप घेतलं होतं. “हलू नकोस.” “कपाट करताय का माझं?” त्या मापावरून त्यांनी कागदावर एक आकृती काढली : मान ताठ, मागे अंबाडा, एक हात किंचित पुढे. पुढे कागद गेले, कॉम्प्युटर आले. आकृतीही कॉम्प्युटरमध्ये गेली. बॉयलर असो, टाकी असो, शेजारी ती उभीच. कारखान्याचं फाटकही न पाहिलेली ही बाई कारखान्यातल्या एकूण एक यंत्राच्या बाजूला उभी राहून आली होती.

दांडा तिच्या त्या पुढे केलेल्या हाताखाली बरोबर बसला. नकाशात.

ती घरी आली त्या दिवशी वॉकर टेकत टेकत एकटीच आत गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. मिलिमीटर बाहेर उभे राहिले आणि आपण सहज उभे आहोत असं दाखवायला त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मग त्यांनी फटीतून पाहिलं. बसमध्ये उभ्याने वरची दांडी धरावी तशी ती दांडा धरून होती. कोपर वर, खांदा कानाला लागलेला.

“कसा आहे?”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “तुमचं कधी चुकलंय?”

ती बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून टेप काढला. ती भिंतीला टेकली.

“हलू नकोस,” ते सवयीने म्हणाले.

“आता कुठली हलतेय.”

त्यांनी आकडा पाहिला. टेप मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा धरला. जन्मात कधी त्यांनी एक माप दोनदा घेतलं नव्हतं.

“किती भरले?”

“होतीस तेवढीच आहेस.”

“खोटं बोलायलाही मेलं माप लागतं,” ती म्हणाली आणि तिने वॉकर वळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉम्प्युटरपुढे बसले. दांडा खाली घेणं हे एका क्षणाचं काम होतं. पण दांडा खाली आला आणि आकृतीचा हात हवेत राहिला. त्यांनी आकृती लहान केली. ती सगळीकडूनच लहान झाली, शाळकरी मुलगी अंबाडा घालून उभी राहावी तशी. त्यांनी ते रद्द केलं. बायको काही लहान झाली नव्हती.

मग त्यांनी पाठीची सरळ रेघ पुसली. तिच्या जागी वक्र रेघ हवी होती, आणि वक्र रेघेला त्रिज्या लागते. ही किती धरायची ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते मधूनमधून उठून दारातून आत बघत, ती वाकून वॉकर सरकवत असे. परत येऊन बसत. मान पुढे आली. गुडघा थोडा दुमडला. अंबाड्याची बोटाएवढी गाठ राहिली. चहावर साय धरली.

दुपारी फाइल चौकोनात सोडली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : तुमच्या गोपनीयतेसाठी ही फाइल आमच्याकडून थोड्याच वेळात कायमची पुसली जाईल. ही ओळ तिथे पहिल्या दिवसापासून असणार. त्यांनी ती आज वाचली.

आत न्हाणीघराचं दार लोटल्याचा आवाज झाला. इकडे वेल्डरचा मेसेज आला.

“मिळालं काका. दांडा उद्या खाली घेतो. पण ह्या आजी कोण? काकू कुठे गेल्या?”

मिलिमीटरांनी काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं.

“अहो.”

त्यांनी मान वर केली.

“जरा हात देता का?”

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि ते उठले.