सांगायचं की नाही

सव्वाअकराला खाऊ वाटताना मावशींनी डोकी मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली, तरी एकोणीसच. हवी होती वीस.

"बाई, चिमणी दिसत नाही."

पाळणाघराच्या मोठ्या बाई ताडकन उठल्या. मोरी, कपाटामागची जागा, चटयांची चवड, सगळं पालथं घातलं. मग फाटक दिसलं, सताड उघडं. सकाळी दुधाचे क्रेट आत घेताना कडी लावायची राहिली होती, आणि क्रेट घेतले होते बाईंनीच.

अडीच वर्षांची चिमणी समोरच्या बांधकामावर सापडली. वाळूच्या ढिगात बसून बुटात वाळू भरत होती. दहा पावलांवर डंपर मागे येत होता. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. बाईंनी तिला उचलून आत आणलं.

बाईंनी पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींना फोन केला.

"पोर धडधाकट आहे ना? मग झालं," ते म्हणाले. "तिच्या आईला आपली भाषा धड येत नाही, ती कुठं विचारायला येतेय? उगाच अंगाशी येईल. ही बाहेरून आलेली बिऱ्हाडं बिथरली, केंद्र बंद पडलं, तर पोरं जातील कुठं?"

हा शेवटचा प्रश्न बाईंना लागला. तो खरा होता.

मावशी हळूच म्हणाल्या, "मी तोंड उघडणार नाही, बाई."

"मी उघडणार आहे."

पाच काही वाजता वाजेनात. आई आली, केसांत सिमेंटची पूड घेऊन. बाईंनी तिला फाटकापाशी नेलं आणि सोप्या शब्दांत, हातवारे करत सगळं सांगितलं. शेवटी छातीवर हात ठेवला. "चूक माझी."

आईनं आधी पोरीचे हातपाय चाचपले. "किती वेळ?"

"माहीत नाही. वीस मिनिटं असतील. आम्हाला कळलंच नाही."

पोरीला काखोटीला मारून ती चालू लागली.

बाईंनी घडलं ते लिहून संस्थेला पाठवलं. सेक्रेटरींनी खुलासा मागवला. दुसऱ्या दिवशी चौदा पोरं आली, तिसऱ्या दिवशी अकरा. मावशी नजर चुकवू लागल्या.

चौथ्या दिवशी चिमणीची आई काम बुडवून आली. पोरीला चटईवर सोडून भिंतीला टेकून बसली. "आज मी इथं. बघणार."

"बघा," बाई म्हणाल्या.

दुपारी दोन बायांनी खिडकीतून तिला काहीतरी विचारलं. ती त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली. बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही.

सोमवारी सतरा पोरं आली. तीन पुन्हा कधीच आली नाहीत. बाईंनी पाठवलेल्या खुलाशाला सेक्रेटरींचं उत्तर अजून यायचं होतं.