डाव्या बाजूची तार

लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली, तरी मास्तरांनी जावयाला नावाने हाक मारली नव्हती. समोर असला की ‘जावईबापू’ आणि पाठ फिरली की ‘तारवाला’. जावई एका मोठ्या सभागृहात माईक, स्पीकर आणि त्यांच्यामधल्या शेकडो तारा सांभाळायचा, त्यामुळे दुसऱ्या नावात खोटं काही नव्हतं. झोंबायचं ते पहिलंच.

मास्तर चाळीस वर्षं व्हायोलिन शिकवत आले होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, वाजवणारी आणि वायरी ओढणारी. एकुलत्या एका लेकीला त्यांनी पाचव्या वर्षापासून वाजवायला शिकवलं आणि ती जाऊन पडली वायरी ओढणाऱ्याच्या घरात. हे दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. जावईही काही गरीब गाय नव्हता. सासऱ्याच्या घरी जायचं म्हटलं की त्याला बरोबर त्याच दिवशी काम निघायचं.

त्या रविवारी मात्र काम निघेना. सकाळी लेकीला मास्तरांचा फोन आला. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने बसवून दिलेली स्टिरिओ सिस्टीम बिघडली होती. बिघडली म्हणजे बंद पडली नव्हती, तर एका अंगावर कलली होती. आवाज उजवीकडे सरकला होता आणि डावी बाजू मेल्यासारखी झाली होती. हलक्या तारा टाकल्या की असंच होतं, हेही मास्तरांनी लेकीला ऐकवलं.

दोघं पोचली तेव्हा टेबलावर तारांचे तीन नवे खोके मांडून ठेवले होते. एक जोडी करंगळीएवढी जाड, वरून विणलेल्या कापडाची. दुसरी चांदीचा मुलामा दिलेली. तिसरी पट्टीसारखी चपटी. प्रत्येक खोक्यातलं माहितीपत्रक मास्तरांनी आधीच वाचून, खुणा करून ठेवलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि जावयाने सोफ्यामागे गुडघे टेकून जुन्या तारा सोडवायला सुरुवात केली. तांबं स्वच्छ होतं, स्क्रू घट्ट होते. त्याने चार वर्षांपूर्वी जसं बसवलं होतं तसंच सगळं होतं.

“ही तार दिव्याला बरी,” मास्तर वरून म्हणाले. “दिव्याला कान नसतात.”

जावयाने पहिला खोका उघडला. जाड तारांची टोकं सोलली, लालला लाल, काळ्याला काळं जोडलं. मास्तर खोलीच्या मधोमध ठेवलेल्या आपल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी एका जुन्या व्हायोलिनचं ध्वनिमुद्रण लावलं. एकाच माईकवर केलेलं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत सारखाच आवाज. तो ऐकणाऱ्याच्या अगदी नाकासमोर उभा राहायला हवा. खुर्चीमागे उभ्या असलेल्या जावयाला तो तसा उभा दिसतही होता.

“उजवीकडेच आहे,” मास्तर म्हणाले. “दुसरी लावा.”

दुसरी लावली. मग तिसरी. मध्ये चहा झाला, तो जावयाने जमिनीवर बसूनच प्यायला. मग डावीकडच्या खिडकीचा जाड पडदा आवाज गिळतो की काय म्हणून तो काढला. आवाज उजवीकडेच राहिला. प्रत्येक वेळी मास्तरांचा सूर एक पट्टी वर चढत होता. सभागृहात लोक याला पगार कसा देतात, हे विचारून झालं. लेकीचा हात गेल्या नऊ वर्षांत किती जड झाला आणि कोणामुळे, हेही सांगून झालं. लेक स्वयंपाकघरातून येऊन दोघांकडे पाहून गेली आणि थोड्या वेळाने कोपऱ्यावरून दूध आणते म्हणून घराबाहेर पडली. या दोघांच्या मध्ये बसण्यापेक्षा तिला रस्ता बरा वाटायचा.

जावयाच्या मनात आता एकच होतं. म्हातारा मुद्दाम करतोय. आवाज सरळ आहे हे त्याला चांगलं कळतंय. त्याला फक्त मला दिवसभर गुडघ्यावर बसलेलं बघायचंय. ठीक आहे. त्याला त्याच्याच तोंडाने खोटा पाडतो.

त्याने तारांची अदलाबदल केली. डावीकडची उजव्या स्पीकरला, उजवीकडची डाव्याला. मास्तरांना काही सांगितलं नाही. तार किंवा ॲम्प्लिफायर खराब असता तर मेलेली बाजू आता उजवी व्हायला हवी होती.

“डावी अजून मेलेलीच,” मास्तर म्हणाले.

मग त्याने दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. पुन्हा तेच उत्तर. यंत्रात आता शंका घेण्यासारखं काहीच उरलं नाही. उरली ती खोली, आणि उरला तो ऐकणारा.

“खुर्ची फिरवा,” जावई म्हणाला. “भिंतीकडे तोंड करून बसा.”

मास्तरांनी आधी नकार दिला. संगीताकडे पाठ करून बसायला आपण काही सभागृहाचे पहारेकरी नाही, असं म्हणाले. मग बहुधा त्याला चुकीचं ठरवण्याच्या हौसेनेच उठले, स्वतः खुर्ची फिरवली आणि बसले. व्हायोलिन आता त्यांच्या पाठीमागून वाजू लागलं.

“सांगा, कुठली बाजू मेली?”

मास्तरांचं बोट दाराकडे वळलं आणि मध्येच थांबलं. सकाळपासून मेलेली खिडकीकडची बाजू आता त्यांच्या उजव्या हाताला होती, आणि ती चांगली जिवंत होती. दाराकडची मेली होती.

जावयाला आपण जिंकल्याचा आनंद झाला तो जेमतेम एक श्वासभर. कारण मास्तरांनी सावकाश हात वर केला आणि उजव्या कानावर तळवा घट्ट दाबला. ते तसेच बसून राहिले. व्हायोलिन वरच्या सुरांकडे चढत गेलं, जिथे वादक बोटं अगदी टोकाला नेतो, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर त्याचं काहीच उमटलं नाही. ध्वनिमुद्रण संपलं. तळवा तसाच होता. संपल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

जावयाने पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, तसा त्यांनी तो झटकला.

“तू हे मुद्दाम केलंस,” ते म्हणाले. ‘जावईबापू’ गेलं होतं आणि ‘तुम्ही’ही गेलं होतं.

“मी तार बदलायला आलो होतो.”

“तिला सांगायचं नाही. कोणालाच नाही. माझ्याकडे अकरा विद्यार्थी येतात.”

तेवढ्यात दार वाजलं. लेक दूध घेऊन आत आली. फिरलेली खुर्ची, जागा बदललेले स्पीकर आणि जमिनीवरचा तारांचा गुंता बघून तिने विचारलं, सापडलं का काही. मास्तर तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “सापडलं. जोडणीच चुकीची होती. चार वर्षं. विचार तुझ्या नवऱ्याला.”

जावई पक्कड हातात धरून उभा राहिला. एका वाक्याचं काम होतं. नऊ वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता होणार होता आणि वाक्य खरंही होतं. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता. व्हायोलिनच्या पेटीकडे बघत होता.

“हो,” जावई म्हणाला. “चुकलं माझं.”

हे चांगुलपणाने म्हटलं असं कोणी समजू नये. त्याला राग इतका आला होता की कानशिलं तापली होती. बायको चपला घालायला दाराशी गेली, तेव्हा तो मास्तरांच्या उजव्या कानाशी वाकला.

“गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी घ्यायला येतो. नाही आलात तर तिला सगळं सांगेन.”

“धमकी देतोस?”

“हो.”

घरी जाताना बायको त्याच्याशी बोलली नाही. बाबांचा स्वभाव वाईट असेल, पण कामाच्या बाबतीत तरी आपला नवरा चोख आहे, या एका गोष्टीवर ती वर्षानुवर्षं बाबांशी भांडत आली होती. आता भांडायला तेही राहिलं नाही. हे तिने तीन दिवसांनी त्याला सांगितलं, भांडी पुसता पुसता, मागे वळूनही न बघता. सासऱ्यावरचा त्याचा राग त्या दिवशी आणखी वाढला.

गुरुवारी मास्तर कोट घालून दारात तयार होते. कान तपासणाऱ्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेरून जावयाला दिसत होतं. उजव्या कानाला बोट पटापट चालत होतं. डाव्याला ते बराच वेळ बटणावर नुसतं ठेवलेलं होतं. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

डॉक्टरांनी समजावलं की व्हायोलिन डाव्या कानाखालीच वाजतं; चाळीस वर्षांत त्या कानाची नस झिजली असावी. दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला आणखी एक तपासणी सांगितली. गेलेलं परत येणार नव्हतं. यंत्र लावलं तर थोडी मदत होईल. मास्तरांनी मान हलवली आणि विद्यार्थ्यांचे सूर उजव्या कानाने तपासता येतील का, एवढंच विचारलं. येतील, डॉक्टर म्हणाले, पण विद्यार्थ्याला त्या बाजूला उभं करा आणि सगळ्यांना कारण सांगा. लपवलंत तर चुका तुमच्या नावावर जमा होतील.

“बरोबर आलेत ते कोण तुमचे?” डॉक्टरांनी कागद भरता भरता विचारलं.

“सिस्टीम बसवणारे,” मास्तर म्हणाले.

जिन्यातून उतरताना जावयाने सांगून टाकलं की असं फार दिवस चालणार नाही. घरी त्याची बायको त्याला कामात कच्चा समजते आहे. मास्तर दोन पायऱ्या खाली जाऊन थांबले आणि उजवा कान त्याच्याकडे येईल असे वळले. पुन्हा सांग, म्हणाले. त्याने पुन्हा सांगितलं.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी लेकीला फोन केला. काय बोलणं झालं ते तिने पुरतं कधीच सांगितलं नाही. बराच वेळ ती खिडकीशी उभी राहून डोळे पुसत होती. मग येऊन नवऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, “बाबा म्हणाले, जोडणी बरोबर होती.” मग पुढे म्हणाली, “आणि हेही म्हणाले, की तार मात्र हलकीच आहे.”